प्रेषित पौलाच्या बेटांवर एक दिवस

भूमध्य समुद्राच्या जवळजवळ मध्यावर, सिसिली बेटाच्या दक्षिणेस सुमारे 93 किलोमीटरवर, माल्टा नावाचा एक चिमुकला द्वीपसमूह आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्यातील मुख्य बेटे. माल्टाचे क्षेत्रफळ 246, गोझोचे 67 आणि कोमिनोचे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. सर्व मिळून भूमी भरते ती 316 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सुमारे बारावा हिस्सा. एवढ्याशा जागेत पाच लाखांहून अधिक माणसे राहतात. नदी म्हणावी असा बारमाही प्रवाह तेथे एकही नाही. पिवळसर चुनखडीचा दगड, त्याच दगडाची घरे, त्याच दगडाची चर्चे, त्याच दगडाचे शेताचे बांध आणि सभोवार निळा समुद्र, असे या देशाचे रूप आहे. सन 1530 पासून तेथे संत योहानाच्या सरदारांचे राज्य होते. 1798 मध्ये नेपोलियनने ते घेतले. 1800 पासून ब्रिटिशांचा अंमल आला. 21 सप्टेंबर 1964 रोजी देश स्वतंत्र झाला व 1974 साली प्रजासत्ताक बनला.

परंतु ख्रिस्ती मनुष्याला माल्टाची ओळख या राजवटींमुळे नसते. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय ज्याने चर्चमध्ये ऐकले आहेत, त्याला हे बेट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लॅटिन ग्रंथांतील मेलिता ते हेच. इसवी सनाच्या 60 च्या सुमारास बेड्यांत जखडलेला एक कैदी फुटलेल्या गलबतातून वाहत येऊन या किनाऱ्याला लागला. तो कैदी म्हणजे संत पौल.

आज त्याच समुद्रावर प्रवाशांना दिवसभर बेटे दाखवीत फिरविणाऱ्या नौका चालतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास स्लीमा किंवा बुजिब्बा या किनाऱ्यावरील गावांतून त्या निघतात, उत्तर किनाऱ्याने जात संत पौलाचे बेट, गोझो व कोमिनो यांचे दर्शन घडवितात आणि दिवस कलता परत आणून सोडतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. युरोपातील बहुसंख्य प्रवासी या सहलीला जातात ते पोहण्यासाठी व ऊन खाण्यासाठी. आम्ही उभयतांनी ती केली ती मुख्यतः पौलाच्या वाटेने एकदा जावे म्हणून. त्या एका दिवसात जे पाहिले व जे मनात राहिले, ते येथे क्रमाने मांडीत आहे.

नौका किनारा सोडते

स्लीमाच्या धक्क्यावरून समोरच व्हॅलेटा ही राजधानी दिसते. तट, बुरूज आणि त्यांवर डोकावणारे चर्चचे घुमट, असे ते शहर पाण्यातून वर आल्यासारखे वाटते. पलीकडच्या अंगाला तिचे मोठे बंदर आहे. त्या बंदराची एक कथा प्रत्येक माल्टी घरात सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात माल्टाला शत्रूचा वेढा पडला होता. आकाशातून बाँब व समुद्रात पाणबुड्या, अशा स्थितीत 1942 च्या उन्हाळ्यात बेटावरील धान्य व इंधन संपत आले. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी चौदा मालवाहू जहाजांचा तांडा पाठविला. त्यांपैकी नऊ वाटेतच बुडाली व पाच पोहोचली. शेवटचे 'ओहायो' हे तेलवाहू जहाज इतके मोडले होते की, दोन्ही बाजूंनी लढाऊ जहाजे बांधून त्याला ओढत आणावे लागले. ते बंदरात शिरले तो दिवस होता 15 ऑगस्ट, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या तांड्याला माल्टी लोक आजही 'सांता मारियाचा तांडा' म्हणतात. त्याच टंचाईत गोझोचे तत्कालीन बिशप मायकेल गॉन्झी यांनी आपल्या शेतकऱ्यांना शब्द टाकला आणि गोझोच्या कणग्यांतील धान्य माल्टाच्या भुकेल्या लोकांसाठी बाहेर निघाले. बेटावरील माणसाला समुद्र म्हणजे करमणूक नव्हे; भाकरी येण्याची वाट तीच आणि मरण येण्याची वाटही तीच, हे ही कथा ऐकल्यावर समजते.

मच्छीमारांच्या लहान नौकांना तेथे 'लुत्सू' म्हणतात. निळा, पिवळा, तांबडा व हिरवा अशा पट्ट्यांनी त्या रंगविलेल्या असतात आणि नाळेच्या दोन्ही अंगांना एकेक डोळा काढलेला असतो. नौकेने स्वतःच वाट पाहावी व संकट ओळखावे, ही त्यामागची फार प्राचीन, ख्रिस्तपूर्व काळातील कल्पना. त्याच नौकेवर संताचे नावही लिहिलेले आढळते. समुद्रावर पोट भरणाऱ्या माणसाला जेवढे रक्षण मिळेल तेवढे हवेच असते!

माल्टी भाषा ऐकताना आपल्या कानाला एक नवल वाटते. ती अरबी भाषेच्या कुळातील आहे, मात्र लिहिली जाते रोमन लिपीत. हे निष्ठावंत कॅथॉलिक लोक परमेश्वराला 'अल्ला' म्हणतात व उपवासकाळाला 'रंदान'. नमो मरियेच्या प्रार्थनेतील 'नमो' या शब्दाच्या जागी त्यांच्याकडे 'स्लीम' येतो. आपल्या परिचयाच्या 'सलाम'चा तो सख्खा भाऊ. शब्द कोणत्या घरी जन्मला यापेक्षा तो कोणापुढे उच्चारला जातो यालाच महत्त्व, हे त्या भाषेने सहज शिकविले.

जेथे दोन समुद्र मिळतात

तासाभराने नौका एका रुंद आखाताच्या तोंडाशी येते. हेच संत पौलाचे आखात. त्याच्या उत्तरेच्या बाजूस निर्जन, खडकाळ असे लहानसे बेट आहे. नीट पाहिले तर बेटे दोन आहेत आणि त्यांच्या मधली पट्टी इतकी उथळ की, पाणी ओसरले म्हणजे ती एकच वाटतात. उंचवट्यावर प्रेषिताचा भव्य पुतळा उभा आहे. तो 1844 सालचा. पोप दुसरे जॉन पॉल 1990 मध्ये माल्टाला आले, तेव्हा तेही नौकेने या बेटापर्यंत आले होते.

संत लूक हा स्वतः त्या प्रवासात होता आणि त्याने केलेले वर्णन एखाद्या जाणत्या तांडेलाने सांगावे तसे नेमके आहे. कैसरापुढे न्याय मागण्यासाठी पौलाला रोमला नेले जात होते. गलबत अलेक्झांड्रियाचे, गव्हाने भरलेले, माणसे 276. हंगाम उलटून गेला होता. पुढे जाऊ नये असे पौलाने सुचविले, परंतु शताधिपतीने कैद्यापेक्षा तांडेलाचे व मालकाचे ऐकले. क्रीट बेटाच्या आडोशातून बाहेर पडताच ईशान्येचा प्रचंड वारा सुटला. माल्टाचे कोळी या वाऱ्याला आजही 'ग्रिगाल' म्हणतात आणि थंडीत तो सुटला की नौका धक्क्याला बांधून ठेवतात. चौदा दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. माल समुद्रात टाकला, साहित्य टाकले, शेवटी आशाही टाकली. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागली. त्यांनी बुडीद सोडून पाहिले तो पाणी वीस वाव. थोडे पुढे पंधरा वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने त्यांनी वराडीकडून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहत बसले. पहाटे पौलाने सर्वांना धीर दिला, देवाचे आभार मानून भाकर मोडली व खावयास लावले. मग दोन समुद्र मिळतात अशा जागी गलबत रुतले व लाटांनी त्याचा मागचा भाग फुटला. कैदी पळतील म्हणून सैनिक त्यांना ठार मारणार होते. शताधिपतीने पौलासाठी त्यांना आवरले. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सर्वच्या सर्व 276 जीव किनाऱ्यास लागले.

हे सारे खरोखर येथेच घडले काय, अशी शंका पूर्वी काही विद्वानांनी घेतली होती आणि दुसऱ्या बेटांची नावे पुढे केली होती. जेम्स स्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने, जो स्वतः शिडाच्या नौका चालविण्यात मुरलेला होता, या प्रश्नाचा निकाल ग्रंथालयात बसून न लावता समुद्रावर लावावयाचे ठरविले. शिडे उतरविलेले तसे गलबत त्या वाऱ्यात ताशी सुमारे दीड मैल वाहत जाईल, असा त्याने हिशेब केला. क्रीटजवळच्या क्लौदा बेटापासून माल्टापर्यंतचे अंतर सुमारे 476 सागरी मैल. भागाकार केला तेव्हा उत्तर आले तेरा दिवस आणि वर थोडा वेळ. म्हणजे चौदाव्या रात्री गलबत बरोबर माल्टाच्या किनाऱ्याजवळ यावयास हवे. हा हिशेब त्याने 1848 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून माल्टाच्या परंपरेला मोठे बळ मिळाले.

नौका पुतळ्यासमोरून जाते, तेव्हा वेग जरा मंदावतो. ध्वनिक्षेपकावरून चार भाषांत चार वाक्ये सांगितली जातात, छायाचित्रे घेतली जातात आणि मग पुन्हा संगीत सुरू होते. आम्ही टोपी काढून क्रुसाची खूण केली. तोच शेजारी दोर गुंडाळीत असलेल्या एका सावळ्या तरुण खलाशानेही तशीच खूण केलेली दिसली.

खानापूरचा तरुण

बोलणे काढले तो तरुण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा निघाला! परदेशात आपली भाषा कानी पडली म्हणजे कसे होते, ते अनुभवानेच कळते. "काका, तुम्ही मराठी बोलताना मघाशीच ऐकलं, पण कामावर असताना आपण होऊन बोलता येत नाही," असे तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवतीने पिशवीतील चिवड्याची पुडी त्याच्या हाती ठेवली. ती त्याने लगेच फोडली नाही, खिशात जपून ठेवली.

मधूनमधून, कामातून सवड काढून, त्याने आपली हकिकत सांगितली. घरी आईवडील, दोन बहिणी, थोडी भातशेती. माल्टाला येण्यासाठी एका दलालाला दिलेली रक्कम वडिलांनी शेत गहाण ठेवून उभी केली. पगाराचा पहिला भाग त्या कर्जाला जातो. दलालाने हॉटेलातील काम सांगितले होते; येथे आल्यावर वेगळेच निघाले. ते सुटले तेव्हा एका आपल्याच देशबंधूच्या ओळखीने या नौकेवर जागा मिळाली. एका खोलीत सहा जण राहतात. "रविवारी सर्वांत जास्त गर्दी असते, काकू. म्हणून मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जातो. आई दर आठवड्याला पहिलं तेच विचारते: जेवलास का हे नंतर, मिस्सा चुकली नाही ना हे आधी."

येथले लोक कसे वागवतात, असे विचारले तेव्हा तो क्षणभर थांबला. "चांगलेही आहेत, वाईटही आहेत," तो म्हणाला. "आजारी पडलो तेव्हा शेजारची म्हातारी आठ दिवस सूप आणून देत होती. आणि बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असून उभी राहणारी माणसंही आहेत." ही तक्रार नव्हती, जे पाहिले तेच त्याने शांतपणे सांगितले.

आपल्या गावांतून किती तरी मुले अशी समुद्रावर व समुद्रापलीकडे गेली आहेत. गोव्यातील तारवट्यांची तर पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. त्यांच्या पैशाने घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, चर्चच्या छपरांची दुरुस्ती झाली. खलाशांच्या आत्मिक सेवेसाठी 1920 साली ग्लासगो येथे स्थापन झालेले सागरी प्रेषितकार्य आज 'स्टेला मारिस' या नावाने जगातील अनेक बंदरांत चालते आणि जुलै महिन्यातील दुसरा रविवार त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचा आहे. त्या रविवारी मिस्सेत आपल्या गावच्या मुलांची नावे घेणे अवघड नाही. आणि जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने दलालाच्या हाती पैसे देण्यापूर्वी कामाचा करार स्वतः वाचावा व परराष्ट्र खात्याकडे त्या दलालाची नोंदणी आहे काय हे पाहावे, एवढी दक्षता प्रत्येक घराने घेतलीच पाहिजे. शेत गहाण पडल्यावर ही चौकशी करण्यात अर्थ राहत नाही.

गोझो

गोझोच्या इम्जार बंदरात नौका लागते आणि तेथून बसने बेट पाहावयाचे. हातात वेळ चार तासांचा. माल्टापेक्षा गोझो अधिक हिरवे, अधिक संथ. उंचावर एक प्राचीन गढी आहे. जुलै 1551 मध्ये तुर्की आरमाराने ही गढी जिंकली व सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सारे बेटच, गुलाम म्हणून नेले. ज्या बेटाने एकदा एका कैद्याचे स्वागत केले, त्याच बेटाची लेकरे पुढे बेड्यांत दूरदेशी गेली. इतिहासाचे चक्र असे फिरते.

गढीतील कॅथीड्रल 1697 ते 1711 या काळात बांधले गेले. आत उभे राहून वर पाहिले म्हणजे खोल, सुबक घुमट दिसतो. परंतु बाहेरून पाहिले तर छप्पर सपाट! घुमट बांधला गेलाच नाही, म्हणून 1739 साली एका इटालियन चित्रकाराने सपाट छतावर घुमटाचे चित्र काढून दिले. आपल्याकडेही अनेक धर्मग्रामांत बांधकाम निधीअभावी अडते. गोझोच्या लोकांनी त्यावर हा गोड उपाय काढला.

ज्या गावात निधी जमला, तेथील कथा याहून थोर आहे. शेउकिया हे सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे. तेथील लोकांनी 1950 च्या दशकात संत योहान बाप्तिस्ता याचे नवे चर्च बांधावयास घेतले. जुने चर्च पाडले असते तर मिस्सा कोठे होणार? म्हणून जुन्याच्या सभोवती नवे उभारले. आत नेहमीप्रमाणे मिस्सा, बारसे, लग्न, दफनविधी चालू, आणि बाहेर भिंती वर चढत आहेत, असे किती तरी वर्षे चालले. नवे पुरे झाल्यावर आतील जुने चर्च दगड दगड उतरवून काढले व त्यातील कोरीव काम बाजूस जपून ठेवले. आज तो घुमट गोझोच्या जवळपास प्रत्येक कोपऱ्यातून दिसतो. तीन हजार लोकांच्या गावाने तो उभारला आहे, हे ध्यानात ठेवून त्याकडे पाहावे.

शेतांच्या मधोमध असलेली ता पिनूची बॅसिलिका हे या बेटाचे हृदय होय. पूर्वी तेथे एक पडके देवालय होते. 22 जून 1883 रोजी कार्मनी ग्रीमा ही शेतकरी स्त्री तेथून जात असता तिला आतून हाक ऐकू आली: आत ये आणि माझे शरीर तीन दिवस कबरेत होते त्या स्मरणार्थ तीन नमो मरिया म्हण, असा त्या वाणीचा आशय होता. वार्ता पसरली, यात्रेकरू येऊ लागले, आजारी बरे होऊ लागले. 1920 मध्ये नव्या मंदिराच्या बांधकामास आरंभ झाला आणि 1932 साली पोप अकरावे पायस यांनी त्यास बॅसिलिकेचा मान दिला. जुने देवालय पाडले नाही. ते नव्याच्या पोटात, वेदीमागे, जसेच्या तसे आहे. बाजूच्या खोल्यांच्या भिंती नवसफेडीच्या वस्तूंनी भरल्या आहेत: कुबड्या, बाळांची झबली, वादळात सापडलेल्या नौकांची चित्रे. विद्वान माणसाला यांतील कलेत दोष काढता येतील. परंतु ज्या आईने आपल्या बाळाचे झबले तेथे अडकविले, तिला त्या विद्वानाच्या मताची गरज नाही.

गोझोच्या गावांतून जाताना बंद दारांची बरीच घरे दिसतात. काहींच्या दर्शनी भिंतीवर अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांची नावे व चिन्हे कोरलेली. महायुद्धानंतर हजारो लोक तिकडे गेले, पैसा मिळाला तेव्हा गावात घर बांधले, आणि आता सणापुरते येऊन जातात. बार्देश-सासष्टीत ज्याने अशी कुलूपबंद घरे पाहिली आहेत, त्याला येथे काही नवे सांगावयास नको. 29 जून रोजी संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला माल्टामध्ये 'इम्नार्या'चा मोठा उत्सव होतो; त्याच दिवशी आपल्या बार्देशात होड्या एकत्र बांधून सांगोड निघतो. समुद्र दोन, सण एक.

गोझोच्या पश्चिम टोकाला समुद्रात उभी असलेली दगडाची एक प्रचंड नैसर्गिक कमान पूर्वी प्रवाशांना आवर्जून दाखवीत. 8 मार्च 2017 रोजी वादळात ती कोसळली. आता तेथे फक्त पाणी आहे. शेउकियाच्या गावकऱ्यांचा घुमट उभा आहे आणि निसर्गाची कमान गेली, हेही चिंतनास योग्य आहे.

जिऱ्याचे बेट आणि निशाणांची मिस्सा

परतीच्या वाटेवर कोमिनो. त्याचे नाव जिऱ्यावरून पडले. एके काळी तेथे जिरे पिकत असे. कायम वस्ती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. परंतु त्याच्या व शेजारच्या छोट्या बेटाच्या मधील उथळ, आकाशासारखे निळे पाणी जगप्रसिद्ध आहे. त्याला 'निळे सरोवर' म्हणतात. तळाची पांढरी वाळू इतकी स्पष्ट दिसते की, नौका पाण्यावर नसून हवेत तरंगत आहे असे वाटावे. सृष्टीकर्त्याची ही करणी पाहून मन प्रसन्न होते, आणि लगेच खिन्नही होते. कारण उन्हाळ्यात तेथे माणसांची एवढी झुंबड उडते की, खडक दिसेनासा होतो. कचरा, गोंगाट व तुडविली जाणारी झुडपे यांमुळे त्रस्त होऊन माल्टाच्या शासनाने सन 2025 पासून तेथे उतरू इच्छिणाऱ्यांना आगाऊ नोंदणी करणे भाग पाडले व एका वेळी असणाऱ्या लोकांच्या संख्येस मर्यादा घातली.

गर्दी सोडून पायवाटेने थोडे चालत गेले की, दुसऱ्या बाजूच्या आखातापाशी एक लहानसे पांढरट चर्च लागते. मिसर देशातून परत आलेल्या पवित्र कुटुंबाला ते वाहिलेले आहे. बेटावरील पहाऱ्याचा बुरूज व हे चर्च, दोन्ही 1618 सालची. बेट ओस पडले म्हणून 1667 मध्ये ते उपासनेसाठी बंद झाले. माणसे परत आली तेव्हा 1716 मध्ये पुन्हा आशीर्वादित झाले. हेरोदाच्या भीतीने परदेशी पळालेले व संकट टळल्यावर घरी परतलेले कुटुंब! निर्जन होऊन पुन्हा वसलेल्या बेटाला याहून योग्य आश्रय कोणता?

कोमिनोच्या जुन्या रहिवाशांविषयी एक गोष्ट सांगतात. मिस्सेसाठी धर्मगुरू गोझोहून नौकेने येत. समुद्र खवळला म्हणजे त्यांना येता येत नसे. अशा वेळी कोमिनोची माणसे किनाऱ्यावरील खडकांवर जमत. समोर, खाडीपलीकडे, गोझोच्या किनाऱ्यावर 'खडकावरील माते'चे एक छोटे देवालय आहे. तेथे मिस्सा चाले आणि तिकडून निशाणांच्या खुणा केल्या जात. आता शुभवर्तमान, आता पवित्रीकरण, असे त्या निशाणांवरून ओळखून ही माणसे इकडे वाऱ्यात उभी राहत, गुडघे टेकत, मस्तक नमवीत. शब्द ऐकू येत नसे, वेदी दिसत नसे. तरी मिस्सा चुकत नसे.

ही गोष्ट आम्ही त्या खलाशी तरुणाला सांगितली, तेव्हा तो नुसता हसला. मग म्हणाला, "आईला हे कळवतो. तिला आवडेल."

पाहुणा आणि यजमान

सूर्य कलला व नौका परत निघाली. दिवसभर उन्हात न्हालेली मंडळी पेंगत होती. अशा वेळी समुद्र फार निरुपद्रवी दिसतो. परंतु हाच तो समुद्र, ज्यात आमच्याच काळात हजारो माणसे बुडाली आहेत. एप्रिल 2015 मध्ये लिबियाहून निघालेले एक गलबत उलटले व शेकडो निर्वासित तळाशी गेले. त्यांतील 24 प्रेते माल्टाला आणली गेली. त्यांची नावे ठाऊक नव्हती. एका मंडपात शवपेट्या ओळीने ठेवून ख्रिस्ती बिशप व मुसलमान इमाम यांनी मिळून त्यांना निरोप दिला. 3 एप्रिल 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी माल्टात अशाच निर्वासितांची भेट घेतली. त्याच दिवशी सकाळी ते, पौल राहिला होता असे परंपरा सांगते त्या रबात येथील गुहेत प्रार्थना करून आले होते.

संत लूकाने माल्टाच्या लोकांविषयी जे लिहिले, त्याचे सार असे की, त्यांनी परक्यांवर विलक्षण माया केली. पाऊस होता, थंडी होती. त्यांनी शेकोटी पेटविली व 276 अनोळखी, ओल्याचिंब माणसांना जवळ घेतले. त्यांत कैदी कोण, सैनिक कोण, याची चौकशी त्यांनी आधी केली नाही. ते लोक तेव्हा ख्रिस्ती नव्हते. प्रथम त्यांनी दया केली आणि मागाहून त्यांना सुवार्ता मिळाली. बेटाच्या प्रमुखाचा तापाने व हगवणीने आजारी असलेला बाप पौलाच्या हस्तस्पर्शाने बरा झाला. पाहुणे तीन महिने राहिले आणि जाताना यजमानांनीच त्यांची वाटखर्ची भरली.

आजच्या माल्टी माणसाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एवढ्याशा बेटाने किती जणांना सामावून घ्यावे, मोठ्या देशांनी हात का झाडावे, असे तो विचारतो. हा प्रश्न खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर शोधीत असताना समोर बुडत असलेल्या माणसाला हात द्यावयाचा की नाही, हा प्रश्न मात्र त्या शेकोटीने कायमचा सोडविला आहे.

आणि आपण? गोव्याच्या किनाऱ्यावर आपणच यजमान आहोत. आपल्या बेटांवरही दिवसाची सहल करणाऱ्या नौका येतात. आपल्या खडकांवरही कचरा उरतो. आपल्या गावातील बांधकामावर, मासळीच्या धक्क्यावर दूरच्या प्रांतांतून आलेली माणसे राबतात. एका खोलीत ती सहा जण राहतात आणि त्यांच्या आयाही दर आठवड्याला काहीतरी विचारीत असतील. आपला मुलगा परदेशी आजारी पडला असता कोणी सूप आणून द्यावे, अशी आपण प्रार्थना करतो. ती प्रार्थना करणाऱ्या घराने आपल्या दाराशी राबणाऱ्या परक्या मुलाला ताटभर पेज द्यावी, हा त्या प्रार्थनेचाच उरलेला अर्धा भाग आहे.

ज्यांना माल्टाची ही सहल घडेल त्यांनी वसंतात किंवा सप्टेंबरनंतर जावे, तेव्हा ऊन सोसते. टोपी व पाणी बरोबर असावे. पोट हलके ठेवावे, म्हणजे समुद्र लागत नाही. चर्चमध्ये जावयाचे तर खांदे व गुडघे झाकणारे कपडे अंगावर असावेत. आणि जे बरोबर नेले त्यातील कागदाचा कपटादेखील बेटावर टाकू नये. संत पौलाच्या बेटाजवळून जाताना दोन मिनिटे उठून उभे राहावे. आणि दोर ओढणारा, पाणी आणून देणारा, लादी पुसणारा जो कोणी असेल, त्याला त्याचे गाव कोणते एवढे तरी विचारावे.